पिकाच्या शेंड्यावरून

१९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यावर टोळधाडीमागून टोळधाड आली. हा टोळ राजस्थानच्या वाळवंटातून आलेला नव्हता, तो इथलाच होता. शास्त्रज्ञांनी त्याला ‘बॉम्बे लोकस्ट’ असंच नाव दिलं. थंडी आणि उन्हाळा तो सह्याद्रीच्या जंगलात काढायचा. अंगावर तांबूस रंग चढायचा आणि मृगाचा पाऊस झाला की तो गवताळ रानांत पसरून जमिनीत अंडी घालायचा. श्रावणाच्या सुमारास पिल्लं बाहेर पडायची, दसरा-दिवाळीपर्यंत त्यांना पंख फुटायचे आणि थवे पुन्हा घाटाकडे वळायचे. ठाणे जिल्ह्याची पूर्व सीमा म्हणजे हीच सह्याद्रीची रांग.

या किड्याचा अभ्यास सरकारचा तरुण कीटकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय याच्याकडे आला. १९०३-०४ मध्ये त्याने पाहणी केली आणि १९०६ मध्ये ‘द बॉम्बे लोकस्ट’ हा प्रबंध प्रसिद्ध झाला. तेव्हाचे उपाय सगळे हातांचे होते. पंख न फुटलेली पिल्लं कापडाच्या मोठ्या पिशव्यांत हाकायची, चर खणून त्यांत लोटायची, अंडी उकरून काढायची, डबे बडवून थवा शेतावर बसू द्यायचा नाही. माणूस आणि कीड एकाच जमिनीवर समोरासमोर उभे होते. लेफ्रॉय पुढे इंग्लंडला परतला, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांवर औषधं शोधू लागला, आणि १९२५ मध्ये प्रयोगशाळेत कीटकनाशक वायूवर काम करताना त्याच वायूने गुदमरून मेला. किडीसाठी काढलेलं विष माणसाला ओळखत नाही, हे ज्यांच्या अंगावर सिद्ध झालं त्यांच्या यादीत हे नाव बरंच वर आहे.

लेफ्रॉयच्या मृत्यूआधी चार वर्षं अमेरिकेत एक वेगळा प्रयोग झाला होता. ३ ऑगस्ट १९२१ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावाजवळ लष्करी वैमानिक जॉन मॅकरेडी याने जुन्या कर्टिस विमानातून सहा एकरांच्या झाडीवर लेड आर्सेनेटची पूड सोडली. वाऱ्याच्या बाजूने, झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ लागून विमान गेलं आणि काही मिनिटांत काम आटोपलं. झाडांवरच्या अळ्या मेल्या. शेतीचं विमान जन्माला आलं ते असं, आणि त्याच दिवशी एक अट त्याला चिकटली. काम करायचं तर खाली यावं लागतं. पूड असो की द्रव, वरून सोडलं तर वाऱ्यावर जातं आणि पिकावर पडत नाही.

विमानाच्या दुनियेत उंची म्हणजे वेळ. इंजिन बंद पडलं, पाखरू आदळलं, काही तुटलं, तर खालची हजार-दोन हजार फूट हवा वैमानिकाला विचार करायला सवड देते. शेतीवर उडणारा माणूस ही सवड रोज सकाळी कामावर निघतानाच सोडून देतो.

हेलिकॉप्टर आलं तेव्हा हे काम त्याच्यासाठीच असल्यासारखं वाटलं. ८ मार्च १९४६ रोजी बेल ४७ या हेलिकॉप्टरला अमेरिकेत नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं, असं प्रमाणपत्र मिळालेलं ते पहिलंच हेलिकॉप्टर. पुढे पारदर्शक गोल फुगा, मागे उघडी जाळीदार शेपटी. दोन्ही बाजूंना टाक्या आणि आडव्या नळ्यांवर फवाऱ्याची तोंडं बसवली की फवारणीयंत्र तयार. धावपट्टी लागत नव्हती, बांधाशेजारच्या मोकळ्या जागेत उतरून औषध भरता येत होतं. शिवाय पात्यांचा वारा खाली झोडपत असल्यामुळे पानं उलटी होत आणि औषध पानाच्या खालच्या बाजूलाही बसे. तुडतुडे, मावा तिथेच तर दडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून चांगलं काय हवं?

याच आशेतून ब्रिटनमध्ये एक अजस्र यंत्र उभं राहिलं. सिएर्वा कंपनीचं ‘एअर हॉर्स’. रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन, तीन बाजूंना पसरलेल्या बाहूंवर तीन रोटर. डिसेंबर १९४८ मध्ये ते पहिल्यांदा उडालं तेव्हा जगातलं सर्वांत मोठं हेलिकॉप्टर होतं. त्याच्यासाठी जी कामं डोळ्यांपुढे होती त्यांत पिकांवरची फवारणी ठळक होती. पूर्व आफ्रिकेत, टांगानिकात, ब्रिटिश सरकार तेव्हा लाखो एकरांवर भुईमूग लावायला निघालं होतं, तिथेही हे यंत्र जाईल अशी चर्चा होती. १३ जून १९५० रोजी हॅम्पशायरमध्ये चाचणी उड्डाणात पुढच्या रोटरच्या मुळाशी असलेला एक दुवा धातूच्या थकव्याने तुटला. यंत्र कोसळलं. ॲलन मार्श, ‘जीप’ केबल आणि त्यांचा सहकारी अन्सवर्थ असे तिघे मेले. मार्श आणि केबल हे ब्रिटनमधले सर्वांत अनुभवी हेलिकॉप्टर वैमानिक होते. कंपनीचं हेलिकॉप्टरचं काम सॉन्डर्स-रोकडे गेलं, दुसरं एअर हॉर्स पुढे भंगारात निघालं, आणि भुईमुगाची योजनाही १९५१ मध्ये गुंडाळली गेली. शेतीसाठी बांधलेलं एवढं मोठं हेलिकॉप्टर शेतावर एकदाही पोचलं नाही.

एअर हॉर्सचा अपघात यंत्राचा होता. शेतावरचे अपघात बहुतेक वेळा तसे नसतात, आणि ते कसे घडतात हे सविस्तर सांगायला हवं, कारण या कामातला धोका बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही.

फवारणीचं हेलिकॉप्टर पिकाच्या शेंड्यांपासून दोन-तीन मीटर वर उडतं. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायचं, बांध आला की वर उचलायचं, वळायचं, पुन्हा खाली यायचं. दिवसभर हेच. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत ठेवून ते उतरवता येतं, पण त्यासाठी एकतर उंची हवी किंवा वेग हवा. बांधापाशी वळताना दोन्ही कमी असतात. वेग उतरलेला, उंची जेमतेम झाडाएवढी. उंची आणि वेगाच्या ज्या जोड्यांमध्ये इंजिन गेलं तर सुखरूप उतरणं जवळपास अशक्य, त्यांच्या आलेखाला वैमानिक ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात. फवारणीवाला त्या रेषेच्या आत दिवसातून शंभरदा जातो. त्यात टाकी भरलेली, हवा तापलेली. गरम, दमट हवा पातळ असते, ती पात्यांना कमी आधार देते. सकाळी सहज उचललेलं वजन दुपारी जड होतं.

आणि तार. जगभरात शेतीवर उडणाऱ्यांचा मोठा शत्रू म्हणजे विजेची तार. मागे रान किंवा नांगरलेली जमीन असली की तार दिसतच नाही. म्हणून जाणता वैमानिक तार शोधत नाही, खांब शोधतो. आधी उंचावरून शेताला फेरी मारतो, खांबांची ओळ कुठून कुठे जाते ते पाहतो, झोपडीकडे एखादा फाटा गेला आहे का ते हेरतो. मोठ्या टॉवरवर तर आणखी एक फसवणूक असते. जाड वाहक तारा नजरेत येतात, वैमानिक त्यांच्यावरून जायला उचलतो, आणि अगदी वर टॉवरच्या शेंड्यांना जोडणारी बारीक अर्थिंगची तार त्याला लागते. अपघातांच्या चौकशांतून पुन्हा पुन्हा पुढे आलेली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की पुष्कळ वैमानिक आपल्याला ठाऊक असलेल्या तारेवर आदळले. सकाळी ती पाहिलेली होती. दहा वेळा तिच्याखालून किंवा वरून गेलेले होते. अकराव्या वेळी लक्ष फवाऱ्याकडे होतं, वाऱ्याकडे होतं, उरलेल्या पट्ट्याकडे होतं. १९७०च्या दशकाच्या शेवटी कॅनडातल्या ब्रिस्टल एरोस्पेस कंपनीने हेलिकॉप्टरच्या कपाळावर आणि पोटाखाली बसवायची तार कापणारी पाती तयार केली. लष्करांनी ती मोठ्या प्रमाणावर घेतली आणि त्यांनी जीव वाचवले. पण पाती चालायला तार समोरून, पुरेशा वेगात लागावी लागते.

तिसरं कारण सर्वांत कमी बोललं जातं. औषध स्वतः. पॅराथिऑनच्या कुळातली ऑरगॅनोफॉस्फेट विषं शरीरातल्या कोलिनेस्टरेज या विकराला बांधून टाकतात. नसांचे संदेश थांबायचे तिथे थांबत नाहीत. घाम, लाळ, मळमळ, हातापायांचा थरकाप होतो आणि डोळ्यांची बाहुली आकसते. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली की नजर अंधुक होते, अंतराचा अंदाज चुकतो. औषध भरताना हातावर उडालेले थेंब, आपल्याच फवाऱ्याच्या धुक्यातून परतताना नाकाडोळ्यांत गेलेला अंश एवढ्यानेही हे होऊ शकतं. १९५०च्या दशकातच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी फवारणी वैमानिकांमध्ये हे नोंदवलं होतं. जमिनीवर असा माणूस भिंत धरून बसेल. दोन मीटर उंचीवर, बांधाकडे झेपावताना, त्याला खांब किती दूर आहे हे कळत नाही. मग अहवालात ‘तारेला धडक’ एवढंच लिहिलं जातं.

भारतात या विषाची ओळख विमानातून नव्हे, जहाजातून पटली. १९५८ मध्ये मुंबईहून कोचीनला निघालेल्या ‘जय हिंद’ या जहाजात गहू-पिठाच्या पोत्यांबरोबर फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन, ठेवलं होतं. ते गळलं. ते अन्न खाऊन केरळ आणि मद्रास भागात शंभराहून अधिक माणसं दगावली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे प्रमुख मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह होते. या घटनेच्या धक्क्यातून, दहा वर्षांनी का होईना, १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम.

त्या नियमांतलं हवाई फवारणीचं कलम आजही वाचण्यासारखं आहे. ज्या क्षेत्रावर फवारायचं ते आखून घ्यावं. मान्य केलेलंच औषध, मान्य प्रमाणात, मान्य उंचीवरून सोडावं. धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय असावी. गावाला किमान २४ तास आधी खबर द्यावी. काम नसलेली माणसं आणि गुरं ठरावीक काळ शेतात येऊ देऊ नयेत. आणि वैमानिकाला विशेष प्रशिक्षण असावं, त्यात कीटकनाशकांनी शरीरावर काय लक्षणं दिसतात याचंही शिक्षण असावं. हे शेवटचं वाक्य ज्याने लिहिलं, त्याला आकसलेल्या बाहुलीची गोष्ट माहीत असली पाहिजे. त्याच काळात देश स्वतःचं शेतीविमानही बांधत होता. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं ‘बसंत’ मार्च १९७२ मध्ये उडालं. एकंदर ३९ बांधली गेली आणि १९८० मध्ये उत्पादन थांबलं.

ठाणे जिल्ह्याच्या भातखाचरांशी हे सगळं कधी जुळणारं नव्हतं, आणि त्याची कारणं जमिनीतच आहेत. कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूरची खाचरं लहान, पायऱ्यापायऱ्यांची, बांधाला झाडं असलेली. शेजारी एकाचं हळवं भात, दुसऱ्याचं गरवं. कोणाला फवारणी आज हवी, कोणाला पंधरवड्याने, कोणाला नकोच. फवारणीची वेळ येते ती नेमकी पावसाच्या दिवसांत, ढग डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलेले असताना, आणि फवारलेलं औषध पुढच्या सरीत धुऊन जाणार. सप्टेंबर २०१३च्या अखेरीस जुहूहून औरंगाबादकडे निघालेलं एक हेलिकॉप्टर मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूच्या डोंगरात कोसळलं आणि त्यातले पाचही जण मरण पावले. ते शेतीचं काम नव्हतं, ते फक्त घाट ओलांडत होतं. पण भात निसवण्याच्या त्या दिवसांत इथलं आभाळ हेलिकॉप्टरला किती अवघड आहे, ते त्या दिवशी कळलं.

शिवाय तारा. मुंबईला वीज पुरवणाऱ्या वाहिन्या टाटांच्या खोपोली प्रकल्पापासून, म्हणजे १९१५ पासून, या बाजूच्या रानांवरून जात आल्या आहेत. ठाकुर्लीला रेल्वेचं चोळा वीजघर उभं राहिलं. १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघा ही ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी सुरू झाली. ७५२ किलोमीटर, १,५०० मेगावॉट. विदर्भाच्या कोळशाची वीज भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला येऊन पोचते आणि तिथून चारी बाजूंना फुटते. कल्याणहून पडघ्याकडे जाताना भाताच्या शेतांवरून टॉवरच्या किती रांगा एकमेकींना छेदतात ते नुसतं पाहावं. त्यांच्याखाली शेतपंपांच्या, पाड्यांच्या, वीटभट्ट्यांच्या तारा वेगळ्याच. खांब शोधणाऱ्या वैमानिकाला इथे जिकडे तिकडे खांबच दिसतील.

कल्याणच्या शेतकऱ्याला विमान भेटलं ते वेगळ्याच रूपात. १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी आणि आसपासच्या गावांची जमीन ब्रिटिश सरकारने विमानतळासाठी ताब्यात घेतली. युद्ध संपलं, धावपट्टी उरली, जमीन परत आली नाही. २२ जून २०१७ रोजी तिथे नौदलाच्या कुंपणावरून शेतकऱ्यांचा उद्रेक झाला, पोलिसांच्या गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. या गावांत विमान म्हणजे पीक वाचवायला आलेलं यंत्र ही कल्पना कधी रुजणं शक्यच नव्हतं.

हेलिकॉप्टरची फवारणी जिथे खरोखर वर्षानुवर्षं चालली, तिथे काय झालं? केरळच्या कासारगोड जिल्ह्यात सरकारी मळे महामंडळाच्या काजूबागांवर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. बागा टेकड्यांवर, उताराखाली वस्त्या, विहिरी, ओढे. नियम सांगतो शेंड्यांपासून दोन-तीन मीटर. पण डोंगरउतारावर, नारळी-पोफळींच्या आणि तारांच्या मधून इतक्या खाली उडणं म्हणजे वैमानिकाने जीव द्यायला जाणं. हेलिकॉप्टर वरून उडालं आणि औषधाचं धुकं खाली वस्तीत उतरलं. गावचे डॉक्टर वाय. एस. मोहन कुमार यांनी मुलांमधल्या व्यंगांकडे आणि आजारांकडे लक्ष वेधलं. कृषी खात्यातल्या लीलाकुमारी अम्मा न्यायालयात गेल्या आणि २००० मध्ये फवारणी थांबली. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली, आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला.

माझ्या मते हवाई फवारणीचा सगळा इतिहास या एका उंचीच्या प्रश्नात आहे. खाली उडावं तर वैमानिक मरतो, वर उडावं तर गाव. मधली सुरक्षित उंची कागदावर आहे, आणि ती पाळता येईल अशी सपाट, मोकळी, माणसं नसलेली जमीन पश्चिम घाटाच्या दोन्ही बाजूंना फारशी नाही.

हेलिकॉप्टर नाही म्हणून धोका टळला असंही झालं नाही. तो पाठीवरच्या पंपावर आला. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, मजूर तिच्यातून वाट काढत वरच्या दिशेने फवारत होते आणि तेच धुकं अंगावर घेत होते. किमान वीस शेतकरी-मजूर मेले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. मोनोक्रोटोफॉस हे नाव तेव्हा घराघरांत पोचलं. हे औषध एकेकाळी आपल्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ‘नोसिल’ कंपनीच्या नावाने, ‘मोनोसिल’ म्हणून, विदर्भाच्या दुकानांत विकलं जात असे. विष विकणारी कंपनी आणि ते अंगावर घेणारं शेत यांच्यात अंतर होतं, एवढंच.

मे २०२० मध्ये टाळेबंदीत टोळ पुन्हा आले. या वेळी वाळवंटी टोळ, मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत. रात्री थवा झाडांवर बसला की अग्निशमन दलाचे बंब नेऊन फवारणी झाली. राजस्थानसाठी केंद्राने ३० जूनला बेल २०६ हेलिकॉप्टर धाडलं. हवाई दलाच्या चंदीगडच्या दुरुस्ती डेपोने एमआय-१७ हेलिकॉप्टरला फवारायंत्रं आणि आत ८०० लिटरची टाकी बसवली. चाळीस मिनिटांत सुमारे ७५० हेक्टर, अशी त्याची क्षमता. वाळवंटावर हे शोभलं. तिथे तारा विरळ, पाडे विरळ. आणि त्याच मोहिमेत भारताने टोळांवर ड्रोन वापरले.

ड्रोनने उंचीच्या त्या जुन्या पेचातून वैमानिकाला बाहेर काढलं आहे, ही साधी गोष्ट नाही. दोन मीटरवर तार लागली तर यंत्र तुटेल, माणूस मरणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन-फवारणीची कार्यपद्धती आली, तेव्हा त्यात १९७१ची ती वाक्यं जवळपास तशीच उतरली. २४ तास आधी खबर, धुण्याची सोय, प्रथमोपचार, विषबाधेच्या लक्षणांचं प्रशिक्षण. २०२३च्या अखेरीस मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले. निवडलेल्या बाईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, पाच दिवस उडवण्याचं आणि दहा दिवस फवारणीचं.

पण ती बांधावर उभी असते. टाकी तीच भरते, वारा फिरला तर धुकं तिच्याकडे येतं, आणि मुरबाड-शहापूरच्या खाचरांत बांध शेतापासून दूर नसतो. त्या दहा दिवसांत तिला आरशात स्वतःची बाहुली पाहायला शिकवावं. हंगामाआधी आणि हंगामात तिच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासावं, जसं वैमानिकांचं तपासायला हवं होतं. आणि टोकावडे असो की पडघा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात जून ते ऑक्टोबर या विषावर उतारा असलेल्या ॲट्रोपिनची इंजेक्शनं पुरेशी असावीत, ज्या शेतात फवारणी आहे त्याची खबर तिथल्या डॉक्टरला आदल्या दिवशी मिळालेली असावी.